नंदाकाकूंचं दुर्मिळ स्तोत्र

नंदाकाकूंनी गवारीची भाजी वाढली आणि पूर्वाने नम्रताकडे पाहिलं. या बघण्यानंतर काय होणार हे काकूंना आता पाठ झालं होतं. इतका वेळ दोघी बसमधल्या गर्दीबद्दल सरळ मराठीत बोलत होत्या. नजरानजर झाली आणि मराठी ताटावरून उठून गेली. तिच्या जागी ती दुसरी येऊन बसली. तुरुतुरु धावणारी, पायात घुंगरू बांधल्यासारखी, आणि काकूंच्या घरात राहून काकूंनाच ओळख न देणारी.

ती स्पॅनिश. नम्रता नांदेडची, पूर्वा चंद्रपूरची. दोघी पुण्यात परदेशी भाषा शिकायला आल्या होत्या आणि कर्वेनगरातल्या काकूंच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांनी जेवणाखाणासकट घेतली होती.

त्या घुंगरांच्या आवाजात मध्येच "नंदाकाकू" असं आलं. मग खुसखुस. मग "श्श". मग दोघींच्या माना एकदम खाली.

"भाजीत मीठ कमी पडलं का गं?" काकूंनी विचारलं.

"छे, मस्त झालीय काकू."

"मग हसायला काय झालं?"

"ते कॉलेजमधलं होतं. बोअर झाला असतात तुम्ही."

समोर काकूंचे यजमान सुखदेवराव गवारीची एकेक शेंग निरखून खात होते. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि पाठोपाठ रक्तात साखर निघाली, तेव्हापासून जेवताना त्यांचं कुणाकडे लक्ष नसे. गोड बंद झालेल्या माणसाला जगात बघण्यासारखं उरतं काय, असं वाटून काकूंना त्यांची कीव येई. गुळाचा डबा मात्र त्यांनी कपाटात कुलपात ठेवला होता. कीव वेगळी आणि कुलूप वेगळं.

काकूंचा जीव खालीवर होत होता तो गेल्या वर्षीच्या मुलींमुळे. त्याही अशाच गोड होत्या. त्याही कुजबुजायच्या. आणि दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी "काकू, कॉलेजजवळ रूम मिळाली" म्हणाल्या आणि टेम्पोत गाद्या टाकून निघून गेल्या. काय चुकलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मागची खोली मग होळीपर्यंत रिकामी होती. मुलगा सौरभ बंगळुरात, घरात बोलायला सुखदेवराव, आणि ते बोलत नसत. पोळ्या करताना काकूंचा हात सवयीने जास्तीचे उंडे वळून ठेवी, आणि मग ते उंडे परातीत तसेच बसून राहत, पाहुणे यायचे राहिले अशा चेहऱ्याने.

ते पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. या मुलींना काय खुपतं ते आधी कळलं, तर सुधारता तरी येईल. मीठ वाढवता येतं, तेल कमी करता येतं, स्वभावालाही थोडी मुरड घालता येते. पण कळायला हवं.

"या पोरी काय बोलून राहिल्या ते मला समजलंच पाहिजे," ताटं आवरताना काकू स्वतःशी म्हणाल्या. लग्न होऊन वर्ध्याहून पुण्यात आल्याला जन्म लोटला होता. काकूंच्या तोंडी माहेरची वऱ्हाडी आता फक्त निश्चय झाल्यावर येई. ती आली की मागे फिरणं नसे.

मुली कॉलेजात गेल्या की काकू ओट्याशी मोबाईल टेकवत. एक फुकटचं अ‍ॅप सापडलं होतं. त्यातली बाई एक वाक्य म्हणे आणि वाट बघे. काकू कणीक मळता मळता ते वाक्य परत म्हणत. एल पान एस्ता एन ला मेसा. ब्रेड टेबलावर आहे. एल गातो बेबे लेचे. मांजर दूध पितं. बाई खूश होऊन टिंग वाजवी. पण दुपारी ताक घुसळेपर्यंत मांजर टेबलावर आणि ब्रेड दुधात गेलेला असे, आणि संध्याकाळी मुली बोलायला लागल्या की त्यात ना ब्रेड सापडे ना मांजर.

आठवडाभर हे चाललं. मग एका सकाळी पोळी लाटता लाटता काकूंचा हात थांबला. आई आठवली. आईला सही करता येत नव्हती, पण ओव्या किती येत होत्या याचा हिशेब गावात कुणाला नव्हता. "शब्द नुसता ठेवला की उडून जातो गं," आई म्हणायची, "त्याला चालीच्या दावणीला बांध. मग तो तुझ्या गोठ्यातला."

काकूंनी बांधला.

"एल पान एस्ता गं बाई, एन ला मेसा,
एल गातो बेबे लेचे, पोर फावोर."

"पोर फावोर" म्हणजे कृपा करून. ते तिथे अर्थाला लागत नव्हतं, पण ओवीचा पाय जमिनीला टेकायला बरोबर तेवढीच जागा मोकळी होती. काकूंनी मग प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच घातलं. माझ्या भावाकडे घोडा आहे, कृपा करून. स्टेशन कुठे आहे, कृपा करून. आणि काय आश्चर्य, संध्याकाळपर्यंत घोडा भावाकडेच राहिला आणि मांजर दुधापाशी.

तिसऱ्या दिवशी सुखदेवराव चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"काय गातेस?"

यांना कळलं तर हे भोळेपणाने मुलींपुढे बोलून जाणार. मुली सावध झाल्या की जर्मन सुरू करतील. त्याही शाखेत त्यांच्या मैत्रिणी होत्या. काकूंनी "गं बाई" झटकन गाळलं, चाल बदलली, ओवीची संथ स्तोत्राची केली, आणि डोळे मिटून म्हणाल्या, "स्तोत्र आहे."

"कुठलं?"

"दक्षिणेकडचं."

"हं." सुखदेवराव थांबले. "परत म्हण बरं ते शेवटचं."

"पोर फावोर, पोर फावोर," काकू हात जोडून म्हणाल्या.

सुखदेवरावांच्या कपातला चहा बशीत आला, बशीतला लेंग्यावर. ते बायकोकडे बघत म्हणाले, "छान आहे. प्राचीन वाटतं." आणि गेले. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या स्तोत्राने हलला, असं काकूंना वाटलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण लिफ्ट बंद होती.

गणपतीपासून सोसायटीची लिफ्ट तळमजल्यावर तोंड मिटून बसली होती. समोरच्या फ्लॅटमधल्या यमुनाबाई गुडघे धरून तीन मजले चढत आणि काकूंच्या दाराबाहेर पायरीवर टेकत. यमुनाबाई सोसायटीच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. माहेर शनिवार पेठेतलं, आणि ते त्या विसरू देत नसत. त्या दिवशी त्या पायरीवर टेकल्या असताना आतून काकूंचं स्तोत्र चाललं होतं. शेवटचं "पोर फावोर" झालं, आणि लिफ्ट खडाडली, आत दिवा लागला, आणि कुणी न बोलावता ती वर येऊन यमुनाबाईंच्या पुढ्यात दार उघडून उभी राहिली.

दुरुस्तीवाला सकाळपासून गच्चीवर होता. पण तो यमुनाबाईंना दिसला नव्हता, आणि न दिसणाऱ्याला श्रेय देण्याची त्यांची सवय फक्त देवापुरती होती.

बेल वाजली.

"आम्ही कुणाच्या घरात कान देत नाही," यमुनाबाई दारातच म्हणाल्या. "पण तुमचं आमच्या कानात येतं, त्याला आम्ही काय करणार? कसलं स्तोत्र ते?"

"सहज आपलं. दक्षिणेकडचं आहे."

"आमच्या शनिवारात असलं स्तोत्र कधी कानावर आलं नाही. म्हणजे दुर्मिळच असणार. कुणी दिलं तुम्हाला?"

"आईनं," काकू म्हणाल्या. चाल आईचीच होती, त्यामुळे हे अर्धं तरी खरं होतं.

"मंडळाला शिकवा. गुरुवारी सकाळी या."

काकूंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण नाही का, हे सांगायचं तर खरं सांगावं लागणार. यमुनाबाईंना सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत पार्किंगमध्ये आणि चार वाजेपर्यंत मुलींच्या कानावर जाई, हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. काकूंनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाल्या, "येते. पण हे संध्याकाळी म्हणत नाहीत. सकाळीच. सूर्य डोक्यावर यायच्या आत."

"का?"

"तसा दंडक आहे."

मुली सकाळी कॉलेजात असत, एवढाच तो दंडक होता. पण यमुनाबाईंच्या चेहऱ्यावर एकदम आदर पसरला. ज्याला दंडक आहे ते स्तोत्र खरं.

गुरुवारी मंडळातल्या बायकांनी चटया अंथरल्या, पेटी उघडली, टाळ हातात घेतले आणि अत्यंत भक्तिभावाने भावाकडे घोडा असल्याचं सांगितलं. "मी एर्मानो तिएने उन काबायो," अशी एकसुरात ललकारी उठली आणि खाली "पोर फावोर, पोर फावोर" असा टाळांचा गजर झाला. काकूंच्या अंगावर काटा आला. तो लाजेचा होता की सुराचा, हे त्यांना ठरवता येईना.

"याचा अर्थ काय हो, नंदाताई?" पेटीवाल्या बाईंनी विचारलं.

"अर्थ..." काकू अडखळल्या.

"अर्थ विचारू नये," यमुनाबाईंनीच परस्पर उत्तर दिलं. "अर्थ कळला की माणूस चर्चा करत बसतो आणि म्हणायचं राहून जातं. चला, दुसरं कडवं."

यातून काकूंचा एक मोठाच फायदा झाला. एकटीने घोकलेलं वाक्य फार तर जिभेवर राहतं; पंधरा-वीस बायकांनी टाळ कुटून म्हटलेलं हाडात उतरतं. मंडळाला दर गुरुवारी नवं कडवं हवं असे, आणि नवं कडवं द्यायचं म्हणून काकूंना नवा धडा करावा लागे. अ‍ॅपमधली बाई आळशीपणाला क्षमा करी. यमुनाबाई करत नसत. "मागच्या वेळी भूतकाळाचं काहीतरी येणार म्हणाला होतात ना मनाशी पुटपुटताना? कुठे आहे ते?" असं त्या विचारत. दसरा आला तोवर काकू जेवायला आणि हॉटेलात खोली घ्यायला शिकल्या होत्या, आणि मंडळ ते सगळं मंद्र सप्तकात म्हणत होतं. कुणाच्या जावयाची बदली पुण्याला झाली, कुणाचा हरवलेला डूल सोफ्याखाली सापडला. श्रेय कुठे जात होतं, हे सांगायला नको.

आणि एके दिवशी जेवताना, घुंगरांच्या त्या गडबडीत, काकूंना एक शब्द ओळखीचा दिसला. मान्याना. उद्या. मग "नंदाकाकू", आणि त्याला लागून आणखी दोन शब्द: सांगायचं नाही.

काकूंची आमटीची पळी हवेतच राहिली.

"वाढताय ना काकू?"

"वाढते की," काकू म्हणाल्या, आणि नम्रताच्या वाटीऐवजी तिच्या भातावर सगळी आमटी ओतली.

उद्या. आणि सांगायचं नाही. म्हणजे गेल्या वर्षीचंच सगळं, तोच टेम्पो, त्याच गाद्या. काकू दुसऱ्या दिवशी सकाळपासून खिडकीत. टेम्पो आला नाही. रात्री जेवताना पुन्हा तेच: मान्याना. त्याच्या दुसऱ्या दिवशीही मान्याना. मुली रोज उद्या जाणार होत्या आणि रोज आंघोळीला गरम पाणी मागत होत्या. काकूंनी गवार बंद केली. भाजीला खोबरं सढळ पडू लागलं, पुरणपोळी रविवारची बुधवारी होऊ लागली. सुखदेवरावांच्या पानात अर्थात मुगाची धिरडीच. पण तेही आश्चर्य, की तो माणूस अलीकडे पुरणपोळीकडे ढुंकून बघत नसे. "किती मन मारलं हो यांनी," असं काकूंना वाटून डोळ्यांत पाणी येई.

या सगळ्यावर सोसायटीचा वर्धापनदिन येऊन कोसळला.

"रविवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे," यमुनाबाईंनी जाहीर केलं. "सुरुवात आपल्या स्तोत्राने. सेक्रेटरींना सांगून ठेवलंय."

"संध्याकाळी?" काकू म्हणाल्या. "अहो, पण दंडक..."

"नारळ फोडू आणि क्षमा मागू. देव काही आपला सेक्रेटरी नाही, ऐकून घेतो."

"पण सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच. तुमच्या त्या दोघी मुलींनाही मी पुढच्या रांगेत बसायला सांगितलंय. आजकालच्या मुलींच्या कानावर कधी पडायचं हो असलं काही?"

काकूंनी घरी येऊन हे सांगितलं. गंमत अशी, की ही बातमी ऐकून सुखदेवरावांचाही चेहरा उतरला.

"रविवारी आपण वर्ध्याला जाऊ," ते म्हणाले.

"कशाला?"

"सहज. तुझ्या भावाला बघून."

"तो इथेच येऊन गेला ना दसऱ्याला?"

"मग माझं पोट दुखेल रविवारी," सुखदेवराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन पेपर वर धरला. तो उलटा होता.

काकूंनी विचार केला. पळून गेलं तर मंडळाचा हिरमोड, यमुनाबाईंचा अपमान, आणि मुली जाणार त्या जाणारच. बरं, मुलींना कळलं की काकूंना स्पॅनिश येतं, तर काय होईल? फार तर चिडून उद्याच्या आजच जातील. निदान जाताना काय चुकलं ते तोंडावर विचारता येईल, त्यांच्याच भाषेत. काकूंनी जांभळं काठापदराचं लुगडं काढलं आणि त्यांच्या तोंडी वऱ्हाडी आली. "जे होऊन राहिलं ते होऊ दे," त्या कपाटाला म्हणाल्या.

रविवारी सोसायटीचा हॉल भरला. मंचावर जांभळ्या साड्यांची रांग, मध्ये टाळ घेऊन काकू. मंचाला अगदी लागून पुढच्या रांगेत यमुनाबाईंनी हाताला धरून बसवलेले सुखदेवराव, आणि त्यांच्या शेजारी दोघी मुली, मोबाईलमध्ये डोकं घालून.

नारळ फुटला. क्षमा मागून झाली. पेटीने सूर दिला.

"एल पान एस्ता एन ला मेसा," मंडळाने धीरगंभीर आवाजात सांगितलं.

दोन मोबाईल एकदम खाली गेले.

"एल गातो बेबे लेचे, पोर फावोर, पोर फावोर..."

पूर्वाने ओढणी तोंडात कोंबली. नम्रताचे डोळे बश्यांएवढे झाले. भावाचा घोडा आला तेव्हा पूर्वाचे खांदे गदगदत होते, आणि मागच्या रांगेतल्या एक आजी आपल्या नातीला म्हणाल्या, "बघ, किती भाविक मुलगी आहे. रडतेय."

हॉटेलातली खोली झाली, बिलाचं कडवं झालं, आणि पेटीवाल्या बाई पान उलटायला थांबल्या. हॉल शांत झाला. त्या शांततेत पुढच्या रांगेतून, अगदी हलक्या आवाजात, घुंगरू वाजले.

"काकूंना स्पॅनिश येतं," नम्रता पूर्वाला म्हणाली. स्पॅनिशमध्येच.

आणि ते काकूंना कळलं. एक शब्द नाही, दोन नाहीत. समोरच्या झाडावरचा पक्षी नावानिशी ओळखू यावा तसं आख्खं वाक्य कळलं.

"म्हणजे सगळं कळलं असणार," पूर्वा म्हणाली. ओढणी तोंडातून बाहेर आली होती आणि हसू कुठच्या कुठे गेलं होतं. "गोडाचंही."

"मी तुला म्हणत होते. काका रोज मागतात, आपण रोज आणून देतो. जिलेबी काय, पेढे काय. काकू आता आपल्याला काढणार घरातून. एवढं चांगलं घर पुन्हा नाही मिळणार मला."

"काकाच म्हणाले ना, उद्या आणा, काकूंना सांगायचं नाही. मी काय करू? हात जोडून आपणच शिकवलेलं पोर फावोर म्हणतात ते."

आणि मग सुखदेवरावांनी मान न वळवता, ओठ न हलवता, खडकीच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या उच्चारात म्हटलं, "सिलेन्सियो. पोर फावोर."

काकू मंचावर उभ्या होत्या म्हणून बरं. बसल्या असत्या तर उठता आलं नसतं. मुली जाणार नव्हत्या. मुली जायला घाबरत होत्या. मीठ बरोबर होतं, तेल बरोबर होतं, सगळं बरोबर होतं. चुकत होता तो पुढच्या रांगेत हात जोडून बसलेला हा साळसूद माणूस, जो रोज संध्याकाळी फिरायला म्हणून पार्किंगमध्ये जाऊन मुलींकडून गोड घेत होता, मन मारल्याचा चेहरा करून धिरडी खात होता, आणि ज्याला आपलं स्तोत्र कुठल्या भाषेतलं ते पहिल्या दिवसापासून कळलं होतं. कळून बोलता येत नव्हतं, कारण कळलं कसं ते सांगावं लागलं असतं. म्हणून प्राचीन वाटत होतं त्याला.

पेटी पुन्हा सुरू झाली. शेवटचं कडवं स्टेशन कुठे आहे याचं होतं. काकूंनी डोळे मिटले, आईचं नाव घेतलं, आणि स्टेशन सोडून दिलं.

"मी एस्पोसो कोमे दुल्सेस," त्यांनी खडा सूर लावला. माझा नवरा गोड खातो. "यो लो से, पोर फावोर." मला माहीत आहे, कृपा करून.

नवं कडवं. मंडळ क्षणभर दचकलं. पण मंडळ तयार होतं. यमुनाबाईंनी टाळ उचलले आणि जांभळी रांग एका आवाजात गर्जली, "मी एस्पोसो कोमे दुल्सेस, यो लो से, पोर फावोर." सोसायटीतल्या तमाम बायकांनी सुखदेवरावांच्या डोळ्यांत बघून हे तीनदा सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी छताकडे पाहिलं. दुसऱ्यांदा बुटांकडे. तिसऱ्यांदा आख्खा हॉल भारावून हात जोडून म्हणू लागला तेव्हा त्यांनीही हात जोडले आणि "पोर फावोर" एवढंच, पण अगदी मनापासून म्हटलं.

"शेवटचं कडवं फारच भावपूर्ण होतं," सेक्रेटरी आभार मानताना म्हणाले.

नंतर शिऱ्याचा प्रसाद होता. सुखदेवराव रांगेत उभे राहिले, द्रोण पुढे केला, आणि त्यांना हॉलच्या दुसऱ्या टोकाला टाळ आवरत असलेल्या काकूंची पाठ दिसली. पाठ वळली नाही. ती नुसती "नो" म्हणाली. कुठल्याही भाषेत कळेल असं. सुखदेवरावांनी द्रोण मागच्या माणसाला दिला.

घरी मुली आधीच पोचून सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या, परीक्षेच्या हॉलबाहेर बसावं तशा.

"काकू, सॉरी. किती कळतं तुम्हाला?"

"पुरेसं."

"मग आता आम्ही..."

"आता तुम्ही हातपाय धुवा आणि जेवायला बसा," काकू म्हणाल्या. त्यांनी परात पुढे ओढली. "आणि परत त्यांना काही आणून दिलंत ना, तर गवार करीन. रोज." पाठ करून त्या उंडे वळू लागल्या. मुलींच्या वाटचे उंडे जरा मोठेच झाले.

दुसऱ्या दिवशी राहवेना म्हणून काकू समोरच्या फ्लॅटमध्ये गेल्या आणि यमुनाबाईंना सगळं सांगून टाकलं. ब्रेड, टेबल, मांजर, घोडा. सांगताना मान वर करवत नव्हती.

यमुनाबाई सुपारी कातरत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अन्न पुढ्यात आहे, असं म्हणतो आपण."

"हो."

"मुक्या जिवाला दूध मिळालं. भावाचं बरं चाललंय. आणि शेवटी, कृपा करा."

"हो, पण..."

"मग देवाला आणखी काय सांगायचं असतं, नंदाताई? गुरुवारी वेळेवर या. आणि ते नवं कडवं लिहून आणा, कालचं. पाठ व्हायला सोपं आहे."

आता काकूंच्या घरी जेवणं मजेत होतात. मुली आणि काकू तिघी मिळून स्पॅनिश बोलतात. काकूंना अडलं तर मुली सांगतात. गुळाचा डबा आता कुठे ठेवलाय तेही ताटावरच, मोठ्याने ठरतं, कारण सुखदेवरावांचं स्पॅनिश उद्या, गोड, गप्प आणि कृपा करून यांच्या पलीकडे गेलेलं नाही. मध्येच कधीतरी "काका" असा शब्द येतो, तिघी खुसखुसतात, आणि मग "श्श" होतं. सुखदेवराव एकदा या चेहऱ्याकडे बघतात, एकदा त्या.

"भाजी चांगली झालीय," ते म्हणून बघतात.

"ते कॉलेजमधलं होतं हो," काकू सांगतात.

परवा सकाळी मुली कॉलेजात आणि काकू भाजी आणायला गेल्या होत्या. परत येऊन त्यांनी लिफ्टचं दार उघडलं तर यमुनाबाई त्यांच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसलेल्या. लिफ्ट चालू असूनही. ओठांवर बोट, कान दाराकडे.

आतून खर्जातला, थोडा बेसूर, पण निश्चयी आवाज येत होता. प्रत्येक ओळीनंतर मोबाईलमधली बाई टिंग वाजवत होती.

"नंदाताई," यमुनाबाई कुजबुजल्या, "हे पुरुषांनी म्हणायचं वेगळं आहे का? असेल तर आमच्या ह्यांना पाठवते उद्यापासून."